अकरा हजाराच्या लाईनवर चढण्याआधी

वळवाचा पहिला पाऊस आला की आमच्याकडं कोल्हापूर जिल्ह्यात लाईट जाते आणि पाठोपाठ वायरमनचा फोन वाजायला लागतो. अंधार, भिजलेला खांब, खाली उभी असलेली दहा माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडी "कवा येणार लाईट?" त्या घाईत माझ्याबरोबर काम केलेली दोन माणसं गेली. दोघांचाही हात कामात बसलेला होता, दोघंही माझ्यापेक्षा चांगले चढायचे. दोघांनी एकच पायरी गाळली. लाईन बंद आहे हे दुसऱ्याच्या सांगण्यावर मानलं.

आयटीआय करून या कामात येणाऱ्या, ठेकेदाराच्या गँगमध्ये नुकत्याच लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. सकाळी गाडीत साहित्य भरण्यापासून संध्याकाळी लाईन परत देईपर्यंत काय, कसं आणि कोणत्या क्रमानं करायचं, ते जसं मला शिकवलं गेलं आणि जसं मी पुढं शिकवलं, तसंच सांगतो.

कामात कसं यायचं

हे थोडक्यात. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. कोल्हापुरात शासकीय आयटीआय कळंबा रोडला आहे. त्यानंतर ॲप्रेंटिसशिप करा, ती टाळू नका. महावितरणमध्ये खालच्या पायरीवर विद्युत सहाय्यक म्हणून भरती होते. तीन वर्षं मानधनावर काम, मग तंत्रज्ञ, पुढं वरिष्ठ तंत्रज्ञ आणि प्रधान तंत्रज्ञ. भरतीच्या अटी जाहिरातीगणिक बदलतात, त्यामुळं मित्राच्या सांगण्यावर अर्ज भरू नका, जाहिरात स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. लोक अजून "एमएसईबी" म्हणतात, पण २००५ मध्ये त्या मंडळाच्या कंपन्या झाल्या. गावातली ३३ केव्ही, ११ केव्ही (म्हणजे अकरा हजार व्होल्टची) आणि घरापर्यंतची लाईन महावितरणची, मोठ्या मनोऱ्यांची लाईन महापारेषणची. इथं मी महावितरणच्या लाईनवरच्या कामाबद्दल बोलतोय.

सकाळी, गाडी निघण्याआधी

हातमोजे रोज तपासा. मनगटाकडून गुंडाळत आणा, आत हवा कोंडली की बोटं फुगतात, मग मोजा गालाजवळ धरून दाबा. हवा गालाला लागली तर त्या मोज्याला भोक आहे, तो कापून टाका. "एलटीला चालेल" (एलटी म्हणजे घरापर्यंतची कमी दाबाची लाईन) म्हणून डिकीत ठेवला तर एक दिवस तो घाईत कुणाच्या तरी हातात येतो. मोज्यावर किती व्होल्टचा आहे ते छापलेलं असतं, तेही बघा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मोजे आहेत म्हणून चालू ११ केव्हीला हात लावायचा नसतो. बंद केलेल्या लाईनवर चूक राहिली असेल तर ते कामी येतात, एवढंच.

सेफ्टी बेल्टची शिवण, बकल आणि दोर बघा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधा, कारण खांबावरून वर बघताना मोकळं हेल्मेट मागं पडतं. डिस्चार्ज रॉड, म्हणजे बंद लाईन जमिनीला जोडायचे आकड्याचे दांडे, किमान दोन संच हवेत. एचटी (जास्त दाबाच्या लाईनचा) टेस्टर, सुका दोर, शिडी, कुलूप आणि "माणसं काम करत आहेत" असा फलक घ्या. ठेकेदाराच्या पोरांना हे साहित्य अर्धंमुर्धं मिळतं, हे मला ठाऊक आहे. मागायला लाजू नका, लेखी मागा. दुसरा रॉड नसेल तर खांबावर चढू नका. असं सांगितल्यानं काम गेल्याचं मी पाहिलंय, त्यामुळं हे सांगताना मला जड जातं. तरीही सांगतो.

निघण्याआधी सगळ्यांनी एकत्र उभं राहून काम बोला. कुठला फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाईन), कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, परमिट कोण घेणार, वर कोण, खाली कोण. पाच मिनिटं लागतात.

परमिट

लाईन बंद करून घेण्याला आपण परमिट म्हणतो. ते ज्याला अधिकार आहे त्यानंच घ्यायचं, आणि ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फीडरचं पूर्ण नाव सांगा आणि त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्या. आपल्याकडं एकाच गावाचे दोन फीडर असतात, एक गावठाणचा आणि एक शेतीचा. नुसतं गावाचं नाव घेतलं तर ऑपरेटर शेतीचा बंद करेल आणि तुम्ही गावठाणवर चढाल. परमिटचा नंबर आणि वेळ दोघांनी आपापल्या वहीत लिहायची.

ऑपरेटरनं ब्रेकर (लाईन तोडणारा मुख्य स्विच) पाडला, आयसोलेटर (तोडलेली लाईन वेगळी ठेवणारा स्विच) उघडला, कुलूप घालून फलक लावला, की त्याचं काम झालं. तुमचं काम तिथून सुरू होतं.

जागेवर पोचलात की सगळ्यात जवळचा एबी स्विच, म्हणजे खांबावरचा, खालून हँडलनं चालणारा तीन पात्यांचा स्विच, उघडा. हँडल खाली आलं म्हणजे स्विच उघडला असं धरू नका. डोकं वर करून तिन्ही पाती मोजा. गंजलेल्या स्विचचं एखादं पातं चिकटून राहतं, दोन उघडतात, तिसरं तसंच, आणि खालून हँडल मात्र पूर्ण आलेलं दिसतं. तिन्ही पात्यांमध्ये आभाळ दिसलं पाहिजे. मग हँडलला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात.

त्यानंतर टेस्टर. तो आधी चालू लाईनवर लावून बघा, मग आपल्या लाईनच्या तिन्ही फेजना लावा, मग पुन्हा चालू लाईनवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर शेवटच्या तपासणीत कळतं.

आता डिस्चार्ज रॉड. आधी जमिनीचं टोक पक्कं करा, अर्थिंगला किंवा ओल्या जागी खोल ठोकलेल्या सळईला. मगच रॉडच्या दांड्यानं लाईनचं टोक अडकवा, तिन्ही फेज. काढताना उलटं: आधी लाईनचं टोक, शेवटी जमिनीचं. हा क्रम कधी चुकवू नका. आणि रॉड कामाच्या दोन्ही बाजूंना लागतो.

दोन्ही बाजूंना का, ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीनं सांगतो. लग्नसराईचे दिवस होते. राधानगरी रोडच्या पट्ट्यात एका गावाबाहेर झंपर (दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा) तुटला होता. परमिट घेतलं, स्विच उघडला, उपकेंद्राकडच्या बाजूला रॉड टाकला. माझा जोडीदार म्हणाला, "पलीकडं कशाला? लाईन तिकडं संपतीया की." आमचे हेड लाईनमन, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, काही न बोलता दुसरा रॉड घेऊन तुटलेल्या झंपरच्या पलीकडच्या खांबाशी गेले. पहिल्या फेजला काही नाही. दुसऱ्या फेजला रॉडचा आकडा लागायच्या आत 'चट्ट' आवाज झाला, निळा लोळ उठला आणि आकड्याचं टोक काळं पडलं. त्याच क्षणी लांबवर मांडवातलं वाजंत्र बंद झालं. एका मंगल कार्यालयानं लाईट गेल्यावर जनरेटर चालू केला होता, आणि मधे जनरेटर आणि आपली लाईन वेगळी ठेवणारा चेंजओव्हर स्विचच नव्हता.

हे नीट समजून घ्या. आपला डीपीतला (गावात ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या जागेला डीपी म्हणतात) ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो. त्याच्या खालच्या बाजूला जनरेटरचे ४१५ व्होल्ट लागले तर तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि वर अकरा हजारांच्या आसपास व्होल्टेज चढतं. त्याला खालून वर जायला कुणाची परवानगी लागत नाही. उपकेंद्रातून लाईन बंद, ऑपरेटर खरं बोलतोय, स्विच उघडा, आणि तरी लाईन चालू. याशिवाय त्याच खांबावर वरून ३३ केव्ही जात असेल किंवा शेजारून दुसरी लाईन जात असेल, तर तिच्यामुळंही बंद तारेत इंडक्शननं, म्हणजे न टेकताच, व्होल्टेज येतं. दोन्हीवर उपाय एकच, दोन्ही बाजूंना अर्थ.

आणि घड्याळाची वेळ ठरवून लाईन कधी घेऊ-देऊ नका. "बाराला लाईन चालू करा, आम्ही उतरलेलो असू" असं फोनवर ठरवलं तर बाराला एखादा माणूस वर अडकलेला असतो.

फांद्या तोडणं

मान्सूनपूर्व कामात सगळ्यात जास्त दिवस यात जातात. फेब्रुवारी-मार्चपासून सुरुवात करा, कारण मे महिन्यात वळीव कधी गाठेल सांगता येत नाही.

आधी झाडाच्या मालकाशी बोला. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ मध्ये लाईनला अडथळा करणारं झाड हटवायची तरतूद आहे, पण तो आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्यानं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं काढायचा असतो. वायरमननं कायदा सांगत कोयता चालवायचा नसतो. महापालिकेच्या हद्दीत झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा आहे, तिथं झाड पाडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हे झालं कागदाचं. शेतकऱ्याच्या बांधावरचा आंबा मोहरलेला असताना तुम्ही न विचारता फांदी पाडली, तर पुढची दहा वर्षं तो तुम्हाला शेतातून जाऊ देणार नाही. "मामा, ही एवढी फांदी लाईनीला लागतीया, पावसात ठिणगी पडली तर सगळं झाडच वाळंल," असं दाखवून सांगितलं की बहुतेक जण स्वतः कोयता आणून देतात.

लाकडातून करंट जात नाही, या भरवशावर बसू नका. ओली फांदी, हिरवा बांबू, नारळाची झावळी, सगळ्यांतून जातो. लाईनला टेकलेली किंवा टेकू शकेल अशी फांदी तोडायची तर लाईन बंद, परमिट, रॉड, सगळं वरच्यासारखंच. एलटी लाईन असली तरी. एलटीच्या २३० व्होल्टनंही माणूस जातो.

फांदी जाड असेल तर एका घावात तोडू नका. खोडापासून हातभर लांब, खालच्या बाजूनं पाव भाग करवतून घ्या. मग त्याच्या थोडं पुढं वरून कापा. फांदी मोडून पडते पण साल सोलत खोडापर्यंत जात नाही. उरलेलं खुंट शेवटी खोडाशी, गाठ सोडून कापा. म्हणजे झाड मरत नाही आणि मालकही नाराज होत नाही. तोडण्याआधी फांदीला दोर बांधून तो लाईनच्या उलट्या बाजूला, खाली लांब उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्या. खाली गुरं, पोरं, मोटारसायकली कुणी येणार नाही याकडं एकानं फक्त लक्ष ठेवायचं, त्याला दुसरं काम सांगायचं नाही. चढण्याआधी मोहोळ आहे का बघा. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी ते झाड सोडा.

किती तोडायचं? वाऱ्यात फांदी किती झुलते ते बघा आणि पावसाळ्यात ती किती वाढेल ते धरा. निलगिरी आणि सुबाभूळ एका पावसात माणसाच्या उंचीएवढी फूट काढतात. वेलींना विसरू नका. ताणाच्या तारेवरून (खांबाला जमिनीशी तिरकी बांधलेली तार) गुळवेल चढते, खांबाच्या टोकाला पोचते आणि पहिल्या पावसात फीडर ट्रिप होतो. वेल खाली मुळाशी तोडा, वरची वाळू द्या, मग परमिटमध्ये काढा.

तोडलेल्या फांद्या उसाच्या सरीत किंवा पाटात टाकून येऊ नका.

ऊस आणि झोल पडलेल्या तारा

आमच्या जिल्ह्यात हा विषय वेगळा काढावाच लागतो. नियमानं ११ केव्हीपर्यंतची उघडी तार रस्ता सोडून इतर जागी जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे पंधरा फूट हवी. रस्ता ओलांडताना एलटी ५.८ मीटर आणि एचटी ६.१ मीटर. उभा ऊस तुऱ्यासकट बारा-चौदा फूट जातो. झोल पडलेल्या तारा वाऱ्यात एकमेकींना लागल्या की वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब वाळलेल्या पाल्यावर पडतात. शेतकऱ्याचं वर्ष जातं. म्हणून तोडणी सुरू होण्याआधी, पाला वाळायच्या आत, उसातल्या लाईनी फिरून बघा. जास्त झोल असेल तर तार ओढा, गाळा (दोन खांबांमधलं अंतर) लांब असेल तर मधे खांब मागा, एलटी लाईनला स्पेसर (तारा एकमेकींपासून लांब ठेवणारी पट्टी) टाका. हंगामात उसाच्या ट्रॉल्या उंच भरलेल्या असतात, त्यामुळं कारखान्याच्या वाटेवरचं प्रत्येक क्रॉसिंग काठीनं मोजून घ्या, मात्र लाईन बंद असतानाच.

तार ओढताना तापमान बघावं लागतं. मे महिन्याच्या दुपारी तार सगळ्यात लांब झालेली असते. तेव्हा घट्ट ओढली तर डिसेंबरच्या पहाटे ती आकसून पिन (तार पेलणारा खांबावरचा इन्सुलेटर) आणि ताणावर जोर आणते. थंडीत सैल सोडली तर उन्हाळ्यात उसात उतरते. झोलाचा तक्ता साहेबांकडं असतो, तो मागून घ्या. नजरेच्या अंदाजानं करू नका.

खांब उभा करताना

खांब लांबीच्या साधारण सहाव्या भागाएवढा जमिनीत जातो, म्हणजे ९ मीटरचा खांब दीड मीटर. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या मातीत एवढ्यानं भागत नाही, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, खांब कलतो. तिथं बुडाला काँक्रीट हवंच. गगनबावडा, आजरा, चंदगडकडं जांभा लागतो. खड्डा घ्यायला पहार बोथट होते, आणि खरी अडचण पुढं अर्थिंगला येते. काळ्या मातीत जे अर्थिंग सहज लागतं ते जांभ्यात लागत नाही. खोल जावं लागतं, कोळसा-मीठ भरावं लागतं आणि उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. अर्थ टेस्टरनं मोजल्याशिवाय झालं म्हणू नका.

सिमेंटचा खांब उचलताना ठरलेल्या दोन जागांवर दोर घाला, मधोमध नको. आपटला तर केसाएवढी भेग जाते, आत पाणी शिरतं, सळई गंजते आणि पाच वर्षांनी वर माणूस असताना खांब मोडतो. ताणाच्या तारेत इन्सुलेटर जमिनीपासून किमान ३ मीटर उंचीवर हवा. तो नसेल आणि वर तार ताणाला टेकली, तर खाली ताणाला बांधलेली म्हैस मरते.

पहिल्या पावसातला फॉल्ट

उन्हाळाभर इन्सुलेटरवर धूळ बसते. भुरभुर पावसात ती नुसती ओली होते, धुऊन जात नाही, आणि तिच्यावरून करंट वाहतो. तापलेल्या पिनवर गार सर पडली की तिला बारीक चीर जाते, जी खालून दिसत नाही. अशा वेळी अख्खा फीडर चालत फिरण्यापेक्षा मधला कटपॉइंट (लाईन जिथं दोन भागांत तोडता येते ती जागा) उघडा आणि उपकेंद्राकडचा अर्धा भाग चार्ज, म्हणजे चालू, करून बघा. टिकला तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. तो पुन्हा अर्धा करा. चार-पाच वेळात तुम्ही दहा-बारा खांबांवर येता, मग दुर्बीण लावून एकेक पिन आणि डिस्क बघा. पण प्रत्येक वेळी चार्ज करण्याआधी सगळी माणसं खाली आहेत हे नाव घेऊन विचारा.

महापूर

२०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत मी पाण्यात होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. आंबेवाडी-चिखलीकडच्या माणसांनी ४३ ची वाट बघायची नसते. आदल्या पुरात पाणी कुठवर आलं त्याची खूण प्रत्येक डीपीवर रंगानं करून ठेवा आणि पाणी पोचायच्या आत ट्रान्सफॉर्मर बंद करा. नंतर पाण्यातून जाऊन बंद करायची वेळ येऊ देऊ नका.

पाणी वर चढलं की तार खाली आल्यासारखीच असते. पंधरा फुटांवरची तार दहा फूट पाण्यावर पाच फूट उरते, आणि बोटीत उभा राहिलेला माणूस साडेपाच फुटांचा. बचावाच्या बोटी कुठल्या वाटेनं जातायत ते विचारून त्या लाईनी बंद ठेवा, गावानं कितीही आग्रह केला तरी.

ओसरल्यावर ट्रान्सफॉर्मरचं तेल बघा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा, डीपीच्या पेटीतला गाळ धुऊन ती वाळवा. कललेल्या खांबावर चढू नका, आधी दोरांनी आवळा किंवा खालूनच उतरवा. पाण्यात बुडालेली घरं वाळल्याची खात्री होईपर्यंत त्यांचे कनेक्शन जोडू नका.

कुणाला शॉक बसला तर

आधी लाईन बंद. ती बंद होईपर्यंत त्याच्याजवळ जायचं नाही, भाऊ असला तरी. तुटलेली तार जमिनीवर असेल तर आजूबाजूची जमीनही चालू असते. तिथं अडकलात तर पाय न उचलता, दोन्ही पाय चिकटवून, सरकत बाहेर या. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. तीस दाब, दोन श्वास. एकानं दाबताना दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. थांबायचं नाही. आणि शॉक बसलेला माणूस उठून बसला, चहा मागितला, तरी त्याला दवाखान्यात न्या. हृदयाचे ठोके पुढच्या काही तासांत बिघडू शकतात, आतलं भाजणं वरून दिसत नाही.

लाईन परत देताना

सगळ्यांना खाली बोलवा. माणसं मोजा, सकाळच्या नावांशी जुळवा. फांदी दूर ओढायला गेलेला पोरगाही मोजा. मग रॉड काढा, आधी लाईनचं टोक, मग जमिनीचं, दोन्ही बाजूंचे. रॉड गाडीत टाकताना मोठ्यानं मोजा, किती लावले होते आणि किती आले. लाईनवर रॉड राहिला आणि चार्ज झाली तर ब्रेकर पडतो, शेजारी उभा असलेला भाजतो.

खिशातली किल्ली काढून कुलूप उघडा, एबी स्विच लावा, पुन्हा तिन्ही पाती बघा, आता तिन्ही बसलेली हवीत. मग ज्यानं परमिट घेतलं त्यानं स्वतः ऑपरेटरला फोन लावायचा, परमिटचा नंबर सांगायचा, "माझी सगळी माणसं आणि साहित्य लाईनवरून बाजूला आहे" हे वाक्य पूर्ण म्हणायचं. लाईन चार्ज झाल्यावर लगेच निघू नका. दहा मिनिटं थांबा, तिन्ही फेजचे अँपिअर ऑपरेटरला विचारा आणि वेळेसकट वहीत लिहा.